थांबवायचं बटण

मनूला तुमच्यापैकी बरेच जण ओळखतात. माझी भाची. २०२० च्या जूनमध्ये ती काही महिने आमच्याकडे राहायला आली होती. ताई नर्स, तिची रोजची रुग्णालयातली ड्यूटी, त्यात करोनाचे ते दिवस, म्हणून पोरीला मामाकडे ठेवू या असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. मनू तेव्हा सातवीत होती. शाळा बंद. रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर तीन-चार व्हिडिओंच्या लिंक यायच्या, त्या बघायच्या, वहीत लिहायचं आणि वहीचा फोटो काढून पाठवायचा.

एकदा विज्ञानाचा व्हिडिओ होता. स्थितिक विद्युत. चांगला चाळीस मिनिटांचा. मनू माझ्या समोरच टेबलाशी बसून तो बघत होती. मी लॅपटॉपवर ऑफिसचं काम करत होतो, पण अधूनमधून नजर टाकत होतो. पोरगी हलली नाही हो जागची! व्हिडिओ संपल्यावर मी कौतुकानं विचारलं, "काय, ती विद्युतदर्शीतली सोन्याची पानं का फाकतात गं?"

गप्प.

"बरं, विद्युतदर्शी म्हणजे काय ते तरी सांग."

पुन्हा गप्प. मग म्हणाली, "मामा, सरांच्या मागच्या खिडकीत मांजर होतं."

मी चिडलो. खरं तर माझं त्या दिवशी ऑफिसमध्ये काहीतरी बिनसलं होतं, पण राग निघाला तिच्यावर. "डोळे उघडे ठेवून झोपा काढतेस का? कळलं नाही तर थांबवून परत बघायचं. ते बटण कशाला दिलंय?" असं बरंच काही बोललो. ती रडवेली होऊन म्हणाली, "पण कुठे थांबवू? बघताना सगळं कळतंय असंच वाटतं!"

याच्यावर मला काही उत्तर सुचलं नाही. ती त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही, आणि मलाही रात्री झोप लागेना. तिचं वाक्य डोक्यात घुमत राहिलं. चित्र दाखवून शिकवायचा प्रकार काही कालचा नाही. शंभर-सव्वाशे वर्षं माणसं हा उद्योग करताहेत. त्यांना हा प्रश्न पडला नसेल का? तेव्हापासून जमेल तसं वाचत गेलो. जे हाती लागलं ते आज एकत्र मांडतोय. थोडं लांबेल, पण गोष्टी मजेच्या आहेत.

सुरुवात एडिसनपासून. फोनोग्राफवाला, दिव्यावाला तोच तो. १९१३ मध्ये एका मुलाखतीत त्यानं भाकीत केलं होतं की शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, सगळं ज्ञान चलच्चित्रांतून देता येईल आणि दहा वर्षांच्या आत शाळा पार बदलून जाईल. दहा वर्षं गेली, शंभरही गेली. पुस्तकं आहेत तिथेच आहेत. एडिसनच्या म्हणण्यामागचा हिशोब सरळ होता. पोरांना सिनेमा आवडतो, सिनेमात ती गुंगून जातात, म्हणजे सिनेमातून शिकवलं की लक्ष आपोआप लागणार. 'डोळे लागले की लक्ष लागलं' हे त्यात गृहीत होतं. तेच माझंही गृहीत होतं. मनू हलली नाही, म्हणजे मनू शिकतेय!

हे गृहीत पुढे एका माणसानं अगदी टोकाला नेलं आणि त्याचा चक्क प्रयोग केला. अमेरिकेत १९६९ च्या नोव्हेंबरमध्ये 'सेसमी स्ट्रीट' हा लहान मुलांचा कार्यक्रम सुरू झाला. (आपल्याकडे त्याचा अवतार 'गली गली सिम सिम' या नावानं २००६ मध्ये आला.) या कार्यक्रमासाठी एडवर्ड पामर नावाचे मानसशास्त्रज्ञ संशोधनाचं काम बघत होते. त्यांनी एक युक्ती काढली. मुलाला टीव्हीसमोर बसवायचं, आणि टीव्हीच्या बाजूलाच एका पडद्यावर स्लाइड प्रोजेक्टर लावायचा. त्यावर दर साडेसात सेकंदांनी एक नवी रंगीत स्लाइड. मुलाची नजर टीव्हीवरून कधी हटते आणि स्लाइडकडे कधी वळते, याची नोंद एका माणसानं करत राहायची. म्हणजे कार्यक्रमातला कुठला तुकडा पोराला धरून ठेवतो आणि कुठला सोडून देतो, याचा आलेखच तयार!

या आलेखानं एक महत्त्वाचा बदल घडवला. १९६९ च्या उन्हाळ्यात चाचणीचे पाच भाग मुलांना दाखवले, तेव्हा असं दिसलं की बाहुल्या आल्या की मुलं बघतात, आणि रस्त्यावरची साधी माणसं बोलायला लागली की नजर हटते. तज्ज्ञांनी आधी बजावलं होतं की कल्पनेतली पात्रं आणि खरी माणसं एकत्र आणू नका, मुलांचा गोंधळ उडेल. तो सल्ला बाजूला ठेवून जिम हेन्सन यांनी रस्त्यावरच्या माणसांत राहतील अशी पात्रं केली. तो पिवळा उंचच्या उंच 'बिग बर्ड' आणि कचऱ्याच्या डब्यात राहणारा 'ऑस्कर' असे जन्माला आले.

इथपर्यंत वाचलं तर वाटतं, झालं की! नजर मोजा, कंटाळवाणं काढून टाका, लक्ष मुठीत. पण खरी गंमत दहा वर्षांनी झाली. १९७९ मध्ये अमेरिकेतच लॉर्च, अँडरसन आणि लेविन या तीन संशोधकांनी पाच वर्षांच्या मुलांचे दोन गट केले आणि दोघांना सेसमी स्ट्रीटचा एकच भाग दाखवला. एका गटाच्या खोलीत खेळणी ठेवली होती, दुसऱ्या गटाच्या खोलीत काहीच नव्हतं. खेळण्यांवाल्या मुलांनी साहजिकच टीव्ही कमी बघितला, दुसऱ्या गटाच्या जवळजवळ निम्माच. मग दोघांनाही प्रश्न विचारले, काय काय कळलं ते. दोन्ही गट सारखेच!

म्हणजे बघा, निम्मा वेळ खेळणारी पोरंही तेवढंच शिकली. ती खेळता खेळता कानानं अंदाज घेत होती, आणि कळण्यासारखं, महत्त्वाचं काही आलं की मान वर करत होती. नजर लागली म्हणून कळतं असं नाही, तर कळतंय म्हणून नजर वळते. आपण बरोबर उलटं धरून बसलो होतो. हे वाचलं तेव्हा मला ते खिडकीतलं मांजर आठवलं. मनूची नजर चाळीस मिनिटं पडद्यावरच होती की! मांजर दिसलं ते पडद्यावर बघत होती म्हणूनच दिसलं.

मग लक्ष कुठे असतं? या प्रश्नाचं एक उत्तर मला अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडलं. आपल्या पुण्यात. आणि तेही टीव्हीच्या नव्हे, रेडिओच्या गोष्टीत. रेडिओ इथे का आणतोय ते पुढे कळेल, जरा दम धरा.

१९५६ साल. तेव्हा आपल्याकडे कुणाच्या घरी टीव्ही नव्हता, दिल्लीतली पहिली चाचणीच १९५९ ची. पण युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीनं पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात साधारण वीस जणांचं एक शेतकरी मंडळ. फेब्रुवारी ते एप्रिल असे आठवड्यातून दोनदा, एकूण वीस कार्यक्रम झाले. रेडिओवर अर्धा तास शेतीचा, आरोग्याचा किंवा गावच्या कारभाराचा विषय ऐकायचा. मग रेडिओ बंद करायचा आणि जे ऐकलं त्यावर आपापसांत बोलायचं. अडलेले प्रश्न लिहून पुण्याला पाठवायचे. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत यायची. मंडळाचा निमंत्रक गावातलाच कुणीतरी. तो काही कृषितज्ज्ञ नव्हे. त्याचं काम एवढंच, की सगळ्यांना जमवायचं, बोलतं ठेवायचं आणि प्रश्न टिपून घ्यायचे.

या प्रयोगाचं मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं केलं, आणि ते करणारे होते पॉल न्यूराथ. हा माणूस मूळचा ऑस्ट्रियाचा, नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड या छळछावण्यांतून वाचलेला, नंतर अमेरिकेत समाजशास्त्राचा प्राध्यापक झालेला. तो १९५६ मध्ये आपल्या मराठी खेड्यांत माणसं काय शिकली ते मोजत होता! त्यानं तुलना केली ती तीन प्रकारच्या गावांची. मंडळ असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं. मंडळं असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत मोठी वाढ झाली. नुसता रेडिओ असलेली गावं त्यांच्या खूपच मागे राहिली. यंत्र तेच होतं. फरक होता तो ऐकून झाल्यावरच्या गप्पांचा.

ही गोष्ट मला इतकी आवडली की मी ती बाबांना फोन करून सांगितली. ते म्हणाले, "यात नवल काय? कीर्तन ऐकून घरी येताना वाटेत जी चर्चा होते, तेच खरं कीर्तन." असो.

आता टीव्हीकडे येतो. दिल्लीत १९६१ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं शाळांसाठी टीव्हीवरून पाठ सुरू झाले. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, इंग्रजी असे विषय. प्रयोगशाळा अपुऱ्या, शिक्षक अपुरे, म्हणून हा उपाय. पाठ वीसेक मिनिटांचा असायचा. वर्गशिक्षकानं आधी विषयाची ओळख करून द्यायची, मग सगळ्यांनी टीव्ही बघायचा, आणि टीव्ही बंद झाल्यावर उरलेल्या वेळात शिक्षकानं त्यावर काम करून घ्यायचं. 'आधी, दरम्यान, नंतर' अशी ती आखणी होती. आणि या शालेय टीव्हीचा अभ्यास करून अहवाल कुणी लिहिला असेल? पुन्हा तेच आपले न्यूराथ!

त्याच सुमारास प्रशांत महासागरात याच्या बरोबर उलटा प्रयोग चालला होता. अमेरिकन सामोआ म्हणून चिमुकली बेटं आहेत. तिथले गव्हर्नर रेक्स ली यांनी ठरवलं की शाळा सुधारायची तर एकेका शिक्षकाला घडवत बसायला वेळ नाही, सरळ टीव्हीच आणू. १९६४ मध्ये सुरुवात झाली. डोंगरमाथ्यावर प्रक्षेपक, सहा वाहिन्या, स्टुडिओत अमेरिकेहून आलेले शिक्षक. मुख्य शिकवणं टीव्हीवरून, आणि वर्गातला सामोअन शिक्षक त्याच्या हाताखाली, नेमून दिलेलं करणारा. १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन स्वतः हे बघायला गेले होते आणि त्यांनी फार कौतुक केलं. पण पुढे काय झालं? लहान वर्गांना टीव्ही आवडत होता. वरच्या वर्गांतली मुलं मात्र कंटाळली आणि शिक्षकही वैतागले. कुणाला प्रश्न विचारायचा असला तरी पाठ थांबत नव्हता, कारण तो सगळ्या बेटांवर एकाच वेळी चालू असायचा. सत्तरच्या दशकात टीव्हीचा वापर कमी कमी होत गेला आणि तो पुरवणीपुरता उरला.

पुणे आणि सामोआ शेजारी शेजारी ठेवून बघा. एकीकडे साधा रेडिओ आणि बोलणारी माणसं, दुसरीकडे सहा वाहिन्या आणि गप्प बसवलेला शिक्षक.

मग आला आपला तो प्रसिद्ध प्रयोग, 'साइट'. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी वापरायला मिळाला आणि आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा, राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून टीव्ही दिसू लागला. अँटेना होती तीन मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची! यशपाल तेव्हा अहमदाबादच्या केंद्राचे संचालक होते, आणि आपले एकनाथ चिटणीस यांचाही या कामात मोठा वाटा. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी चार भाषांत प्रत्येकी साडेबावीस मिनिटांचा कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी. सुरुवातीला टीव्हीसमोर तोबा गर्दी. मग नवलाई ओसरली, गर्दी रोडावली. मुलांच्या बाबतीत अभ्यासकांना असं दिसलं की शाळेच्या परीक्षेतल्या प्रगतीत फारसा फरक पडला नाही, पण मुलांची भाषा सुधारली आणि नवं जाणून घ्यायची गोडी वाढली.

पण साइटमधला मला सर्वांत भावलेला भाग वेगळाच आहे. त्या वर्षात सुट्ट्यांमध्ये प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञानाचं बारा-बारा दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं. जवळपास पन्नास हजार शिक्षकांनी ते घेतलं. त्यात नुसता टीव्ही नव्हता. टीव्ही होता, रेडिओ होता, छापील साहित्य होतं, हातानं करायचे प्रयोग होते आणि शंका विचारायला प्रत्येक केंद्रावर माणूस होता. म्हणजे उपग्रह वापरणाऱ्यांनाही कळलं होतं की आकाशातून येणाऱ्या चित्राला जमिनीवर एक माणूस लागतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांना पुढचं आठवत असेल. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली, त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' दूरदर्शनवर दुपारी लागू लागला. आमच्याकडे तो लावून ठेवायचा नियम होता, "काहीतरी चांगलं कानावर पडेल" म्हणून. काय पडलं? प्रामाणिकपणे सांगतो, मला त्यातला एक रंगीबेरंगी मासा तेवढा आठवतो. मनूचं मांजर, माझा मासा! बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली.

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप केला ती सांगतो. या सगळ्या कार्यक्रमांत एक अडचण समान होती. प्रक्षेपण थांबत नाही. गावातलं मंडळ बोलणार तेही कार्यक्रम संपल्यावरच. १९७३ मध्ये ही अडचण एका वेगळ्याच कारणानं सुटली.

कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातून जवळपासच्या कंपन्यांतल्या इंजिनियरांसाठी वर्गातली व्याख्यानं थेट टीव्हीवरून पाठवली जायची. ह्यूलेट-पॅकार्डचे काही इंजिनियर सांता रोझाला गेले. ते शंभरेक मैल लांब, प्रक्षेपणाच्या टप्प्याबाहेर. त्यांना पदव्युत्तर शिक्षण तर हवं होतं, आणि त्यांतल्या काहींची विद्यापीठात नेहमीच्या मार्गानं प्रवेश मिळण्याइतकी पात्रताही नव्हती. जेम्स गिबन्स नावाच्या प्राध्यापकांनी तोडगा काढला. व्याख्यानं टेप करून पाठवू, पण एका अटीवर. कुणीही एकट्यानं टेप बघायची नाही. चार-सहा जणांनी एकत्र बसायचं, सोबत कंपनीतलाच एक सहकारी शिकवणीदार म्हणून असेल, आणि दर काही मिनिटांनी टेप थांबवायची. कुणालाही काही कळलं नाही तर थांबवायची. कुणाला काही म्हणायचं असेल तरी थांबवायची.

निकाल आला तेव्हा सगळे चकित झाले. टेप बघून शिकलेल्या या इंजिनियरांना प्रत्यक्ष वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांइतके, किंबहुना थोडे जास्तच गुण मिळाले. ज्यांची पात्रता कमी मानली होती तेही व्यवस्थित तरले. १९७७ मध्ये गिबन्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात हे सविस्तर मांडलं. टेप काही खास नव्हती हे लक्षात घ्या. ना बाहुल्या, ना संगीत. फळ्यासमोर बोलणारा प्राध्यापक, तालीम न केलेलं, चुकांसकट व्याख्यान. तरी लक्ष लागलं, कारण ते दर थोड्या वेळानं परत बोलावलं जात होतं.

आणि तो शिकवणीदार? तो विषयातला फार मोठा पंडित नसलेलाच बरा, असा त्यांचा अनुभव. पंडित असला की टेप थांबवून तोच दुसरं व्याख्यान सुरू करतो! थोडंफार जाणणारा, आणि आपल्याला कळलं नाही हे मोकळेपणानं म्हणणारा माणूस जास्त उपयोगी. म्हणजे आपल्या गावातल्या मंडळाचा निमंत्रकच की तो!

असं का होतं याचा एक धागा गाव्रिएल सॉलोमन यांच्या १९८४ च्या संशोधनात मिळतो. त्यांनी सहावीतल्या मुलांना एकच गोष्ट दोन प्रकारे दिली, काहींना छापील आणि काहींना चित्रफितीवर. मुलांच्या मनात पक्कं होतं की टीव्ही सोपा आणि वाचन अवघड. सोपं म्हटल्यावर त्यांनी डोक्याला ताण कमी दिला, आणि चित्रफीत बघणाऱ्यांना गोष्टीतलं खोलवरचं कमी कळलं. मनू काय म्हणाली होती? "बघताना सगळं कळतंय असंच वाटतं." सॉलोमन यांनी चाळीस वर्षांपूर्वी जे मोजलं ते सातवीतल्या पोरीनं रडत रडत एका वाक्यात सांगितलं होतं, आणि मी ते उद्धटपणा म्हणून मोडीत काढलं होतं.

अलीकडच्या काळातलं एकच सांगतो. २०१३ मध्ये हार्वर्डमध्ये श्पुनार, खान आणि शॅक्टर यांनी संख्याशास्त्राचं २१ मिनिटांचं ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान चार तुकड्यांत दाखवलं. एका गटाला प्रत्येक तुकड्यानंतर छोटीशी चाचणी दिली, दुसऱ्यांना नाही. चाचणी दिलेल्यांचं मन भरकटायचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं, टिपणं जास्त निघाली आणि शेवटच्या परीक्षेतही ते पुढे राहिले. व्हिडिओ तोच, सर तेच. मधे मधे फक्त "काय कळलं?" एवढा प्रश्न.

त्याच्या पुढच्या वर्षी, २०१४ मध्ये, एडेक्स या संकेतस्थळावरचे विद्यार्थी व्हिडिओ कुठे सोडून देतात याचा मोठा अभ्यास झाला. विद्यार्थी सरासरीनं सहा मिनिटांच्या वर टिकत नाहीत असं दिसलं, आणि तेव्हापासून "व्हिडिओ सहा मिनिटांचेच करा" हा मंत्र झाला. मंत्र वाईट नाही. पण तो अर्धाच आहे असं मला वाटतं. सहा मिनिटांचे सात व्हिडिओ एकामागून एक बघितले तर चाळीस मिनिटांचाच व्हिडिओ झाला ना? तुकडा छोटा करण्याचा फायदा तुकड्यांच्या मधल्या फटीत आहे. त्या फटीत कुणी काही विचारलं तर.

१९१३ पासूनचा हा सगळा प्रवास बघितला की एक गोष्ट खटकते. बहुतेक वेळा यंत्र आणलं गेलं ते माणसाचा खर्च वाचवायला. शिक्षक कमी आहेत, टीव्ही आणा. शाळा बंद आहे, लिंक पाठवा. आणि जिथे माणूस वाचवला तिथेच लक्ष गळालं. जिथे साधासुधा का होईना पण शेजारी माणूस ठेवला, तिथे जुनाट रेडिओनंसुद्धा काम केलं. २०२० मध्ये किती घरांत एकच फोन होता, तोही आई-बाप कामावर गेले की त्यांच्याबरोबर जायचा. त्या पोरांना "लक्ष देत नाहीत" म्हणणं किती सोपं होतं. मी स्वतः घरात बसून, दोन फोन आणि लॅपटॉप असताना तेच म्हणालो.

मनूचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. हे सगळं मी नंतर दोन-तीन वर्षांत वाचलं, तेव्हा एवढं काही ठाऊक नव्हतं. पण त्या भांडणानंतर दुसऱ्या दिवशी मी तिची माफी मागितली आणि म्हटलं, चल, आपण दोघं बघू. मी वाणिज्य शाखेचा, विज्ञान दहावीतच सुटलेलं. पाच मिनिटांत मीच अडलो. "थांब थांब, हा ऋण प्रभार कुठून आला?" तिलाही सांगता येईना. व्हिडिओ मागे नेला, परत बघितला, मग तिनं मला समजावलं. मी मुद्दाम वेड पांघरलं नव्हतं, मला खरंच कळत नव्हतं! मधेच तिनं फुगा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवले. चाळीस मिनिटांच्या व्हिडिओला दीड तास लागला. ऑफिसचे तीन फोन मी घेतले नाहीत.

रोज हे जमलं नाही. खोटं कशाला बोलू, आठवड्यातून दोनदा जमलं तरी खूप. पण तिला एक सवय लागली. दर थोड्या वेळानं व्हिडिओ थांबवून ती मला, मी नसलो तर बायकोला, आणि कुणीच नसलं तर स्वयंपाकघरातल्या भिंतीला सांगायची, आत्ता काय झालं ते. सांगता आलं नाही की मागे जायची. कुठे थांबवायचं हे तिला कळू लागलं होतं.

मनू आता कॉलेजात आहे. मागच्या महिन्यात आली होती, तेव्हा तिच्या मैत्रिणीबरोबर रसायनशास्त्राचं काहीतरी बघत बसली होती. मी चहा घेऊन गेलो तर म्हणाली, "मामा, बस ना पाच मिनिटं. तुला कळलं तर आम्हाला कळलं असं समजू."

बसलो. मला काही कळलं नाही. त्यांनी व्हिडिओ मागे नेला.